पट्टा लावून हलणारे शेजारी

आमचे शेजारी भुसावळला रेल्वेत हेडक्लार्क. मायदेशी निघालेल्या साहेबाकडून त्यांनी कमरेला पट्टा लावून अंग हलवणारं विजेचं मशीन घेतलं. रोज सकाळी त्यावर उभे राहून बोलायचे, तर शब्दसुद्धा थरथरायचे. “आबा, उभ्याउभ्या व्यायाम होतो.”

मी म्हणायचो, “व्यायाम मशीनला होतो, भाऊ. तुम्ही नुसते उभे.”

पोट होतं तेवढंच राहिलं.

माझी बायको गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला तेच पहिले आले. ती तर वाळून काडी झाली होती. तरी वीस पावलांत यांना धाप लागली, खांदा सोडला.

चौदाव्या दिवशी भिंतीपलीकडे मशीन पुन्हा घरघरलं. मी जाऊन बटण बंद केलं.

“उद्यापासून माझ्याबरोबर तापीपर्यंत पायी चला. पुढची तिरडी माझी आहे, अन् मी वजनाला भारी आहे.”