दादाचा खड्डा

कोणाच्याही घरी गेला की दादा आधी कचऱ्याची बादली बघायचा. पाणी नंतर, गप्पा नंतर. त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा आईने त्याला शपथ घातली होती, "निदान तिथे तरी स्वयंपाकघराकडे वळू नकोस." तो वळलाच. परतताना टांग्यात म्हणाला, "भाजीची देठं वेगळी, राख वेगळी ठेवतात. आई, इथे होकार कळव." वहिनी ही गोष्ट अजूनही हसत सांगते. दादाला जाऊन आता वर्ष होत आलं.

माझा हा थोरला भाऊ सिव्हिल इंजिनिअर होता आणि उज्जैनच्या सफाईचं काम बघायचा. पर्वणीच्या स्नानानंतर शिप्रेच्या रामघाटावर फुलांचा, द्रोणांचा, भिजल्या कपड्यांचा जो चिखल उरतो, त्यात तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा असायचा. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो म्हणून मला 'मास्तर' म्हणायचा. "मास्तर, राजांनी काय बांधलं ते तुम्ही शिकवता. काय फेकलं तेही शिकवा, माणूस जास्त कळेल." पुढे मी खरंच तसं शिकवू लागलो.

बाजार खुला झाला त्या वर्षांत जो तो नवं काही काढत होता. इंदूरच्या एका शेटजींनी धरणाच्या जलाशयातल्या बेटावर रिसॉर्ट बांधायला घेतलं आणि तिथल्या कचऱ्याची व्यवस्था दादावर सोपवली. उज्जैनच्या माधवनगरातल्या आमच्या मराठी मंडळींना ते काही पचलं नाही. "अहो, पक्की नौकरी सोडून कोणी जातं का?" शेजारच्या काकूंनी फाटकातच अडवलं. "काकू, कचरा तोच आहे," दादा म्हणाला, "फक्त व्ह्यू चांगला मिळणार."

त्याचा भरवसा खड्ड्यावर होता. कचऱ्याचा थर, मातीचा थर, शेवटी वरून जाड माती दाबून बंद. उज्जैनला असे कितीतरी खड्डे त्याने निभावले होते. बेटावर वैशाखात, पाणी खाली गेलेलं असताना, उतारावरच्या मऊ जमिनीत त्याने खड्डा घेतला. बांधकामाचं थर्मोकोल, मजुरांच्या चहाचे कप, प्लॅस्टिकच्या पन्नीच्या पिशव्या, सगळं त्यात गेलं. पाणी इथवर चढणार हे त्याला ठाऊक होतं. वरची माती धरून ठेवील, असं त्याने मानलं.

भाद्रपदात जलाशय भरला. माती सैल झाली आणि आत हवा धरून बसलेल्या पिशव्या एकेक करून वर आल्या. वाऱ्याने त्या समोरच्या गावाच्या काठाला नेऊन लावल्या. गावाचं पिण्याचं पाणी तिथलंच. इकडे दसऱ्याला रिसॉर्टचं उद्घाटन ठरलेलं. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हे फोनवर नीट बोलत नाहीत. जरा जाऊन या ना."

मी पोचलो तेव्हा दादा त्या काठाशी गुडघाभर पाण्यात वाकलेला होता. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई वरून ओरडत होती, "ओ कचरा साहब, घर में जगह कम पड़ गई थी क्या?"

"गलती मेरी है, बाई. उठा रहा हूँ."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, शिप्रेने जन्मभर माझ्या चुका पुढच्या गावाला नेऊन टाकल्या. मी समजत राहिलो, आपण हुशार. हे पाणी कुठे जात नाही. जे दिलं ते समोर आणून ठेवतं."

दुपारी शेटजी बेटावर आले. "इंजीनियर साब, मेहमान तो इस तरफ से आएँगे. उधर कौन देखता है?"

"उधर लोग पीते हैं."

शेटजींना सगळ्या नावा खुर्च्या-तंबू आणायला हव्या होत्या. दादाने सांगितलं, सामान उतरवलेली प्रत्येक नाव परतताना गावाच्या काठावरून कचरा भरूनच जाईल. त्यात निम्म्या खेपा बुडणार होत्या. शेटजी शांतपणे म्हणाले, "तारीख निकल गई, तो आप भी निकल जाइए."

"ठीक है," दादा म्हणाला. चहाला हो म्हणावं तसं. दोन मुलींची शिक्षणं व्हायची होती आणि उज्जैनची त्याची जागा केव्हाच भरली गेली होती.

सुट्टी होती, मी थांबलो. भिजलेली पिशवी वरून ओढली तर फाटते, खालून हात घालावा लागतो, हे त्याने मला शिकवलं. एकदा मी म्हटलं, "दादा, ही चप्पल आपल्या खड्ड्यातली नाही." "आता तिला विचारणार का? उचल." थर्मोकोलचे साबुदाण्याएवढे दाणे मात्र हाती लागेनात. दादा ते बोटांनी टिपत बसला. चिडला नाही, घाई केली नाही. मी आयुष्यभर मोठ्या माणसांच्या चरित्रांत जे वाचत आलो, ते माझ्या पुढ्यात ओल्या पँटीत वाकलं होतं. तिसऱ्या प्रहरी ती घागरवाली बाई जुनी साडी घेऊन आली. दोन टोकं तिने धरली, दोन दादाला दिली, आणि दोघांनी ती दाण्यांखालून जाळ्यासारखी ओढली. "धोकर लौटाना, साहब," ती गुरगुरली.

दसरा हुकला. शेटजी शब्दाचे पक्के निघाले.

निघताना दादाने नाव आधी गावाकडे घ्यायला लावली. काठ स्वच्छ होता. त्या बाईला त्याने धुतलेली साडी दिली. तिने काठावरच लोटा बुडवून भरला.

"पी लो साहब. तुम्हारा ही धोया हुआ है."

दादा उकिडवा बसला. त्याने ओंजळ धरली. तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि ओला हात त्याने तसाच चेहऱ्यावरून फिरवला.

बाईने लोटा माझ्याकडे वळवला. माझ्या पिशवीत वहिनीने दिलेली उकळलेल्या पाण्याची बाटली होती. मी दादाशेजारी बसलो आणि ओंजळ पुढे केली.