उशिरा बोललेला पाना

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोसरीतल्या एका कारखान्यात मी कामाला होतो. तिथं प्रवासी विमानांचे सुटे भाग दुरुस्तीला यायचे; आमच्या विभागाकडे चाकांचे ब्रेक. ते खोलायचे, धुवायचे, झिजलेलं बदलायचं आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. मी बी.एस्सी. झालेला, घराण्यातला पहिलाच. गावी हातमागावर बसणाऱ्या माझ्या वडिलांनी लोकांना सांगून ठेवलं होतं, पोरगा विमानं दुरुस्त करतो. विमान मी तोवर फक्त आकाशात पाहिलं होतं.

काम मला शिकवलं गणपतभाऊंनी. भोसरी गावातलेच, चौथी शिकलेले. राहायला त्यांनी घरामागची खोली दिली, जेवण त्यांच्याच घरी, त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या हातचं. मला सगळ्यांदेखत ‘ग्रॅज्युएट’ म्हणायचे. “ग्रॅज्युएट, बोल्टाला इंग्रजी येत न्हाई. हातानं बोल त्याच्याशी.” लोक हसायचे. मीही हसायचो — पण लागायचं.

आमच्याकडे एक टॉर्क पाना असायचा. बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की पाना ‘टक्’ असा वाजायचा; मग थांबायचं. भाऊ म्हणायचे, पाना बोलला. हा पाना नाजूक. जमिनीवर पडला की त्याचं माप बिघडतं, म्हणून भिंतीवर नियमच लिहिला होता — पाना पडला तर लगेच सांगा, सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

शिक्षा नाही. हे लक्षात ठेवा.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाऊंचा पाना माझ्या हातून फरशीवर पडला. आसपास कोणी नव्हतं. मी तो उचलला, पुसला, खुंटीला अडकवला. का? नोकरीत कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं, हे खरं. पण पाना पडला म्हणून कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नव्हती. ग्रॅज्युएटच्या हातून पाना पडला — ते हसणं मला नको होतं. एवढंच.

इथवर फक्त भित्रेपणा होता. पुढचं वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी बोल्ट आवळता आवळता भाऊ थबकले. “ग्रॅज्युएट, ह्यो पाना जरा उशिरा बोलतोय का रं? हाताला तसं वाटतंय.”

मी पाना हातात घेतला, उगाच एक बोल्ट आवळून पाहिला. म्हणालो, “नाही भाऊ, बरोबर आहे.”

“तू शिकलेला. तू म्हनतोस तर असंल.”

आणि ते आवळत राहिले.

आठवड्यानं सगळे पाने नेहमीच्या तपासणीला गेले. त्यांची ने-आण करायचं काम माझं. भाऊंचा पाना दुरुस्त होऊन आला, सोबत चिठ्ठी — माप बिघडलेलं होतं, जोर जास्त लागत होता. ती चिठ्ठी कोणी पाहायच्या आत मी मळक्या चिंध्यांच्या डब्यात टाकली.

मग एक ब्रेक परत आला. विमानाला बसवण्याआधीच्या तपासणीत दोन बोल्ट ताणलेले सापडले होते. भाऊंनी त्या आठवड्यात आवळलेले सगळे ब्रेक कारखान्यानं परत मागवले, पुन्हा केले. कोणाला काही झालं नाही. पण ते मागवेपर्यंत मी गप्प होतो — ब्रेक कुठे कुठे गेलेत हे ठाऊक असून गप्प होतो. याला काय म्हणाल?

साहेबांनी पाना तपासला. दुरुस्त होऊन आलेला पाना बरोबर निघाला. मग चूक कोणाची उरली?

भाऊ भांडले नाहीत. माझ्याकडे बघून साहेबांना म्हणाले, “ह्यानं पाना बघितला व्हता साहेब. पाना ठीक व्हता. माझाच हात गेला असंल, जोराचा अंदाज ऱ्हायला न्हाई.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्यांना खोकी भरायच्या खात्यात टाकलं. त्यांची जागा मला मिळाली. “नीट कर हां,” एवढंच म्हणाले. कुठला बोल्ट कसा धरायचा, ते घरी येऊन विचारलं तरी सांगायचे.

संध्याकाळी ओट्यावर बसून ते उजव्या हाताची मूठ मिटायचे, उघडायचे. वहिनी त्या हाताला तेल चोळायच्या. मी समोर बसून त्यांच्या घरची भाकरी खात असायचो. रोज वाटायचं, आज सांगू. तीन वर्षं त्या खोलीत राहिलो. मग कासारवाडीला बिऱ्हाड केलं, आणि जाणं कमी होत गेलं.

पुढे भाऊ गेले. दहाव्याला वहिनी म्हणाल्या, “हात गेल्यापासनं खचलेच व्हते बघा.” मी तेव्हाही मान हलवली.

त्यांचा हात गेला नव्हता. पाना उशिरा बोलत होता, आणि ते फक्त त्या हातालाच कळलं होतं.