ओठपारखी

माझ्या बायकोच्या मामांनी जितक्या माणसांचे ओठ जवळून पाहिलेत तितके आमच्या पालघर जिल्ह्यात दुसऱ्या कुणीही पाहिले नसतील, आणि तरीही मामांच्या चारित्र्याबद्दल ब्र काढायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. कारण मामांना ओठ असे दिसतच नाहीत. त्यांना दिसतात त्या ओठांवरच्या रेषा. सरकारी ठसे विभागात बोटांचे ठसे भिंगाखाली धरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन ते उमरोळीच्या आपल्या वाडीत परतले तेव्हाही बोटांवरची त्यांची श्रद्धा अढळ होती. ती ढळली रेशनच्या दुकानात. मामींचा अंगठा यंत्रावर उमटेना. जन्मभर नारळ खवून आणि राखेनं भांडी घासून तो गुळगुळीत झालेला. मागे बोईसरच्या रसायनाच्या कारखान्यातला एक कामगार उभा होता, त्याचाही उमटेना. मामा घरी आले, रिकामी पिशवी खुंटीला लावली आणि ओटीवर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "बोटांचं राज्य संपलं! कामानं बोट झिजतं. ओठ झिजत नाय."

"तुमचे तर नायच झिजायचे," आतून मामी म्हणाल्या.

त्या दिवसापासून मामांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी लिपस्टिक आली. समोरच्याच्या ओठांना ती लावायची, वर चिकटपट्टी दाबायची, हलक्या हातानं सोलायची आणि जाड कागदावर चिकटवायची, अशी त्यांची पद्धत. जाड कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. त्यामुळे त्यांच्याकडच्या प्रत्येक ठशामागे कुणाचं तरी शुभमंगल असतंच. लिपस्टिक ते स्वतः बोईसरला जाऊन आणतात. एकदा मी बरोबर होतो. "चमकनारी नको, ठसा उठनारी दे," असं त्यांनी सांगितल्यावर दुकानातल्या मुलीनं गोंधळून हिंदीत विचारलं, "आंटी के लिए चाहिए, अंकल?" मामा शांतपणे म्हणाले, "सब के लिए." ती मुलगी अजून मला पाहिलं की दुकानाच्या आत जाते.

मी स्वतः या शास्त्राच्या तावडीत सापडलो तो मुलगी बघायला गेलो तेव्हाच. बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, गोत्र विचारलं. मामांनी माझा रिकामा झालेला चहाचा कप उचलला, खिडकीपाशी नेला, कडेवर ठसे उठवायची काळी भुकटी झटकली आणि भिंगातून बराच वेळ पाहून निकाल दिला, "वरच्या ओठाला फांद्या हायत, खाली जाळी दाट हाय. हरवला तरी मानूस परत सापडेल." एवढ्या एका गुणावर माझं लग्न जमलं, असं बायको चारचौघांत सांगते. मामांचा न्याय मात्र चोख. एका उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला आमरसाचा पेला कुणीतरी रिकामा केला. मामांनी घरातल्या सगळ्यांच्या ठशांच्या पत्रिका काढल्या, पेल्यावर भुकटी टाकली आणि दुपारभर तपास करून चष्मा पुसत सांगितलं, "गुन्हेगार सापडला. मी." झोपेच्या आधी प्यायलेलं ते साफ विसरले होते. मधुमेह असल्यामुळे शिक्षा मामींनी ठरवली. आठवडाभर कारल्याचा रस, तोही सगळ्यांदेखत.

एवढ्या ठशांमध्ये मामांचा सगळ्यात लाडका ठसा होता तो शलाकाचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा. शलाका बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि तिथंच मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. उमरोळीहून बोईसर पुढचंच स्टेशन. तरीही भाड्याची खोली घ्यावीशी वाटली, यावरून काय ते समजावं. झालं होतं असं की, तिला बघायला एक मंडळी आली होती. मुलाच्या आत्याबाई शलाकाला न्याहाळत असताना मामा मोठ्या अभिमानानं बोलून गेले, "ओठ जरा पातळ हायत, पन रेषा बघा! अशी रेष आख्ख्या जिल्ह्यात नाय." आत्याबाईंनी वाक्याचा पहिला अर्धाच भाग ऐकला. लग्न जमलं नाही. आणि खरी गोष्ट अशी की शलाकानंही पहिलाच अर्धा भाग ऐकला. महिन्याभरात तिनं खोली बघितली. नंतर ती सणासुदीला यायची, मामींशी बोलायची, मामांना "जेवलात काय?" एवढं विचारायची आणि निघायची. आपण काय बोलून गेलो हे मामांना कळलंच नव्हतं, आणि सांगायची कुणाला सवड झाली नाही.

मी पालघरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी विज्ञान मंडळासाठी वक्ता मिळेना, म्हणून मी मामांचं नाव सुचवलं. मामा महिनाभर आनंदात होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग ठेवला होता. घरातली पाच माणसं रांगेत बसणार, मामा वर्गाबाहेर जाणार, पाचांतला एकजण काचेच्या ग्लासातून पाणी पिणार आणि मामा आत येऊन जुन्या पत्रिकांवरून त्याला ओळखणार. मामी, माझी बायको, दोन मेहुणे आणि पाचवी शलाका. ती यायला तयारच नव्हती. माझ्या बायकोनं फार गळ घातली तेव्हा आली, तीही सर्दी झाल्याचं सांगून तोंडाला मास्क लावून.

भाषण उत्तम झालं. "ओठावरची रेष जन्माची सोबतीन हाय," असं मामा म्हणाले तेव्हा टाळ्याही पडल्या. मग ते बाहेर गेले. चिठ्ठी टाकली, नाव आलं शलाकाचं. ती क्षणभर घुटमळली, मास्क खाली केला, घोटभर पाणी प्यायली आणि लगेच मास्क वर घेतला. मी पहिल्या बाकावर होतो, मला काही वेगळं वाटलं नाही. माझ्या बायकोनं मात्र एकदम माझ्याकडे पाहिलं.

मामा आत आले. भुकटी टाकली, भिंग लावलं, एकेक पत्रिका शेजारी धरली. पहिल्या चौघांना त्यांनी दोन मिनिटांत निर्दोष सोडलं. पाचवी पत्रिका हातात घेतली आणि थबकले. पुन्हा पाहिलं. ग्लास उजेडाकडे फिरवला. शेवटी कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "या पाचांतलं कोनी नाय. ह्यो बाहेरचा मानूस हाय."

शंभर पोरांनी शलाकाला पाणी पिताना पाहिलं होतं. हशा उसळला. प्राचार्य छताकडे बघू लागले. मामा लाल झाले आणि वळले ते माझ्याकडे. "जावईबापू, ग्लास कोनी बदलला? पुराव्याशी खेळ करता?"

मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात शलाका उठली. तिनं मास्क काढला आणि हातात घट्ट धरून ठेवला. "बाबा, ग्लास बदलला नाय. मीच प्यायले."

"तू नाय. तुझी रेष मी झोपेत वळखीन."

"ओठ बदललेत बाबा. इंजेक्शन घेतलं मी. ओठ भरून घ्यायचं असतं ते. तीन आठवडे झाले."

वर्गातला हशा कुठल्या कुठे गेला. मामा भिंग हातात घेऊनच तिच्यापर्यंत चालत गेले. मला वाटलं, आता शंभर मुलांसमोर या पोरीची शोभा होणार. मामांनी भिंग वर नेलं, पण डोळ्याला लावलंच नाही. खाली घेतलं आणि विचारलं, "दुखलं काय गं?"

"थोडं."

"कशापायी घेतलंस?"

शलाका हळूच म्हणाली, "तुमीच बोलला होता ना. पातळ हायत म्हनून. सगळ्यांसमोर."

मामी पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मग मामा फळ्याकडे गेले, खडू उचलला आणि कोर्टात जबानी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "पोरांनो, लिवून घ्या. मी चुकलो. ओठ बदलतात." मग त्यांनी ग्लास आणि पत्रिका शेजारी धरून समजावून दिलं. आत औषध भरल्यावर मधल्या रेषा ताणल्या जातात, उथळ होतात, काही दिसेनाशाच होतात. फुग्यावर अक्षर लिहून फुगवलं तर जसं पसरतं तसं. उद्या एखाद्या गुन्ह्याच्या जागी असा ग्लास सापडला आणि तपासणाऱ्याकडे जुना ठसा असला, तर निर्दोषाला अडकवू नये आणि दोषीला सोडू नये म्हणून काय काय विचारावं लागेल, तेही सांगितलं. मूळ भाषणापेक्षा हे दहापट चांगलं झालं. शेवटी पोरांनी प्रश्न विचारले. मामांना तीन आले. शलाकाला मुलींनी कॅन्टीनपर्यंत घेरून सतरा विचारले.

त्यानंतर दर रविवारी शलाका उमरोळीला येऊ लागली. औषध काही महिन्यांत विरघळतं, असं डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, तेव्हा रेषा कशा परत येतात ते मामांना टिपायचं होतं. निदान सांगायचं कारण तेच. ठसा घ्यायला पाच मिनिटं लागत, पण ती सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळी परतायची. चिकूच्या झाडाखाली खुर्च्या टाकून दोघं बसायची. ठशावरून सुरू झालेलं बोलणं तिच्या साहेबावर जायचं, तिथून मामांच्या पहिल्या नोकरीवर, तिथून आजीच्या हातच्या कालवणावर. "एवढं तर ही दोघं जन्मात बोलली नसतील," मामी मला म्हणाल्या आणि लगबगीनं चहा टाकायला गेल्या. एकदा माझ्यादेखतच मामांनी तिला विचारलं, "परत घेनार हायस काय इंजेक्शन?"

"घेऊ?"

"मला काय इचारतेस? ओठ तुझे." मग जमिनीकडे बघत, "मी तवा बोललो ते गाढवपना होता."

शलाकानं त्यांच्या ताटलीतला चिवडा आपल्याकडे ओढला.

तिनं पुन्हा इंजेक्शन घेतलं नाही. हळूहळू रेषा परत आल्या, आणि एका रविवारी मामांनी शेवटची पत्रिका चिकटवून तिच्यावर 'पूर्ण' असं लिहिलं. पुढच्या रविवारी मी काही कामानं उमरोळीला गेलो होतो. मामा झाडाखाली एकटेच बसले होते. दुसरी खुर्ची तशीच मांडलेली होती.

"शलाका नाही आली?" मी विचारलं.

"काम संपलं ना," मामा म्हणाले. "आता कशाला येईल?"

"मामा, घरी यायला काम कशाला लागतं?"

"आमाला लागतं, जावईबापू. नुसतं बोलायला येत नाय आमाला."

मी निघालो तेव्हा त्यांनी उठून चिकू काढले. एकेक हातात घेऊन, दाबून, अगदी कडक असतील तेवढेच पिशवीत भरले. "बोईसरला जाऊन द्याल तिला? आनि सांगा, चार-पाच दिवस पिकायला लागतील. घाई करून खाऊ नको म्हनावं." पुढं काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ओठ हललेही. मग त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि ती परत सोडून पुन्हा मारली.

मी चिकू शलाकाच्या हातात दिले. तिनं पिशवी उघडून वास घेतला आणि विचारलं, "बाबा काय बोलले?"

"पिकायला चार-पाच दिवस लागतील म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

ती खिडकीच्या कट्ट्यावर एकेक चिकू मांडत राहिली. सगळे मांडून झाल्यावर तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर, काही काम नसताना, नुसतंच म्हणाली, "बाबा, मी बोलतेय."