रशिदाचाचीचे शेंगोळे

रमजानच्या महिन्यात अकराच्या सुमाराला शेजारून हाक यायची, "इलास, ये रं, मीठ बघ!" रोजा असल्यामुळे रशिदाचाची स्वतःच्या रश्शाला जीभही लावायची नाही. ती जबाबदारी माझी. जामखेडला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आणि त्याला लागूनच चाचीचं पत्र्याचं हॉटेल. मी वाटीतला घोट घेऊन "बरं आहे" म्हणालो, की ती डोळे वटारायची. "बरं म्हंजी? कमी का जास्ती, त्ये सांग. पोरगी बघाय आलायस व्हय?" या तालमीत माझी जीभ अशी तयार झाली, की आता बायको माझ्यासमोर आमटीचं पातेलं आणायला कचरते.

चाचीच्या हॉटेलात पदार्थ एकच, हुलग्याचे शेंगोळे. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर वळून त्याची लहान कडी करायची आणि उकळत्या रश्शात सोडायची. आमच्या कोरडवाहू भागातलं हे घरोघरचं जेवण, पण पाहुण्यापुढे ठेवायला लाज वाटायची. आता त्यासाठी पुण्याच्या गाड्या वाट वाकडी करून येतात. चाचीला याची फार गंमत वाटे. "पाव्हना आला की माझी सासू शेंगुळ्याचं पातेलं खाटंखाली सारायची," ती सांगायची, "आन आता पाव्हना पातेल्याचाच फोटु काढतोय!"

शेंगोळे वळायला ती बसायची तीही दारात, रस्त्याकडे तोंड करून. "खानाऱ्यानं आधी हात बघावा, मग घास घ्यावा," असं तिचं म्हणणं.

या गावरान जेवणाच्या लाटेत माझंही बरं चाललं होतं. प्रत्येक हॉटेलवाल्याला पाटीवर तेच हवं असायचं: चूल, बैलगाडी, मिशीला पीळ देणारे आबा आणि नऊवारीतली नथवाली बाई. ती बाई मी इतक्या हॉटेलांवर चढवली, की रस्त्यात भेटली असती तर मी तिला रामराम घातला असता.

मग रस्तारुंदी निघाली. माझं दुकान थोडक्यात वाचलं, पण चाचीचं हॉटेल त्यात जाणार हे नक्की झालं. त्याच सुमाराला नगरकडचा एक हॉटेलवाला आला. त्याने शेंगोळे खाल्ले, दोनदा रस्सा मागून घेतला आणि आपल्या नव्या हॉटेलात चाचीला भागीदारीच देऊ केली. चाची हरखली. नवरा गेल्यापासून त्या पत्र्याखालीच तिने संसार ओढला होता, आणि आता पक्कं छप्पर चालून आलं होतं.

पाटीचा नमुना करायला तो माझ्याच दुकानात बसला. मी चाचीला बोलावलं. पडद्यावर तीच नथवाली बाई, खाली 'आईच्या हातचे गावरान शेंगोळे'.

"ही बाई कोन?" चाचीने विचारलं.

"नुसतं चित्र आहे, मावशी."

"हिला शेंगुळे येत्यात?"

तो हसला. मग जरा अवघडून म्हणाला, "तुमचं नाव घातलं तर लोकांना वाटेल, इथे बिर्याणी मिळते. गावरान म्हटलं की गिऱ्हाइकाला असंच काहीतरी लागतं. तुम्ही आत भटारखान्यात बसा, बाहेरचं मी बघतो."

माणूस वाईट नव्हता, धंद्याचं बोलत होता. मला मात्र चाचीची काळजी लागली. ही नाही म्हणाली तर उद्या बसणार कुठे आणि खाणार काय?

"बिर्यानी मला येत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या सासूला बी येत नव्हती. आमी हुलगंच पेरलं आन हुलगंच खाल्लं. शेंगुळे माझे हायती, नाव बी माझंच लागंल. न्हाई तर ऱ्हाऊ द्या." आणि पदराला हात पुसत निघून गेली. शेजारीण म्हणून तिचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

पत्रे उतरले. चाचीने स्टँडमागच्या बोळात भाड्याने गाळा घेतला. पाटी मी केली: डोक्यावर पदर, हाताला पीठ, असा चाचीचा खराखुरा फोटो आणि वर ठळक अक्षरांत 'रशिदा शेख यांचे शेंगोळे'. सुरुवातीला त्या बोळात कुत्रं फिरकेना. तरी चाची रोज दारात वळत बसायची. मग जुनी गिऱ्हाइकं विचारत विचारत आली, आणि पुण्याच्या गाड्या स्टँडवर लावून माणसं बोळात चालत यायला लागली.

एक दिवस बाळू पवार दुकानात आला. चौकात हॉटेल काढत होता. पाटीवर काय हवं? तर 'न्यू रशिदा शेंगोळे'.

"तुझ्या घरात रशिदा कोण रे?" मी विचारलं.

"कोन न्हाई. पन शेंगुळे म्हनलं की लोकं ह्येच नाव इचारत्यात. माझ्या नावाला कोन येतंय?"

मी भडकलो. त्याला तसाच चाचीपुढे उभा केला. ऐकून चाची डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "छाप की, इलास! मोट्या अक्षरात छाप!" मग बाळूकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी ये, वळाय शिकवते. रश्शात पानी वाढवलंस तर मातर पाटी मीच उतरवीन."

गेल्या थंडीत चाची गेली. मयतीहून परतताना चौकात आलो, तर 'न्यू रशिदा'च्या पाटीखाली बाळूचं शटर ओढलेलं होतं. पुण्याची एक गाडी समोर थांबली होती आणि मयतीत डोक्याला बांधलेला रुमाल तसाच ठेवून बाळू त्यांना सांगत होता, "आज मिळनार न्हाई. रशिदाचाची गेली."

"हॉटेलच्या मालकीण का?" गाडीतल्या बाईंनी विचारलं.

"व्हय," बाळू म्हणाला.