मोजल्याशिवाय लिहायचं न्हाई

पट्टा माझ्या गळ्याला बसला नाही. ओढून धरला तरी दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं.

शाळेच्या पटांगणात मांडव होता, माईक होता, आम्ही बायका रांगेत. आमच्याकडे बिबटे उसात राहतात आणि वावरात वाकलेल्या माणसाच्या मानेवर झडप घालतात. म्हणून गळ्यात घालायचे पट्टे वाटत होते, बाहेरून टोकदार खिळे लावलेले. वाटणारे आमच्या गावचे पुढारी, भाऊसाहेब. गावातला निम्मा ऊस त्यांचा. ज्या उसात बिबट्याची मादी व्याली तोही त्यांचाच. प्रत्येक बाईच्या हातात पट्टा पडला, की फोटो.

मी पट्ट्याशी झटत होते तेव्हा त्यांनी माईक तोंडाशी धरला.

"वहिनी, राहू द्या तुमी. तुमाला बिबट्या न्हाई नेत. नेयाचं म्हटलं तर त्याला क्रेन बोलवाया लागंल."

सगळं पटांगण हसलं. ज्यांच्या बाळंतपणात मी शेक-शेगडी केली त्या बाया हसल्या. कडेला माझा नवरा उभा होता. तोही हसला. फार नाही, दात न दाखवता. पण हसला.

आणि मीही हसले. याची चीड मला सगळ्यात जास्त येते. पट्टा टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि "खरंय भाऊसाहेब" असं म्हणून बाजूला झाले.

आता ऐका. त्या रांगेत पट्ट्याची गरज सगळ्यात जास्त मला होती. माझे गुडघे गेलेत. मला वाकून खुरपता येत नाही. मी कांद्याच्या वाफ्यात बूड टेकून, सरकत सरकत खुरपते. बसलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. पण एकालाही ते आठवलं नाही. आठवली ती क्रेन.

माझं वजन एकशे बेचाळीस किलो आहे. लिहिते, लपवत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढायला लागलं, मग थायरॉइड निघाला, मग गुडघे गेले, चालणं गेलं, मग आणखी वाढलं. लोकांना मात्र एकच माहीत. खाते. डॉक्टरांनाही तेच माहीत. गुडघा दाखवला, वजन कमी करा. कान दुखला, वजन कमी करा. कानात बघितलंसुद्धा नाही हो!

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाईलवर गावभर फिरला. चाकणला दिलेल्या नणंदेने तो मलाच पाठवला, खाली हसून हसून रडणारी तोंडं.

मग मी घरात बसले. ओतूरचा बाजार बंद, हळदीकुंकू बंद, लग्नं बंद. तीन महिने. आणि खाल्लं. खोटं कशाला बोलू? दार लावून, पोरांच्या डब्यातलं फरसाण, कालची भाकरी, हाताला लागेल ते खाल्लं. पोटात भूक नव्हती. खाऊन झालं की रडायचं आणि रडून झालं की स्वतःला शिव्या द्यायच्या. एकदा भरदुपारी विहिरीच्या काठापर्यंत गेले. तिथे मनात आलं, मला वर काढताना हे लोक मोबाईल धरतील. मागे फिरले. घरी येऊन ओट्याशी उभी राहिले आणि तिथे पहिल्यांदा राग आला. मरायचीसुद्धा लाज वाटावी अशी वेळ यांनी माझ्यावर आणली होती!

त्यानंतर आठवड्याभरात पाय सुजले. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. नवऱ्याने शेजाऱ्याची पिकअप आणली, कारण मोटारसायकलवर मी मावत नाही. दवाखाना कुठला ते सांगत नाही. एका दवाखान्याचं नाव घेतलं तर बाकीचे साधू ठरतील.

सिस्टरने बीपीचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. चर्रकन सुटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. मागे रांग. तिने पट्टा बाजूला टाकला आणि कागदावर आकडा लिहिला. मी दहावी पास आहे. मला उलटंसुद्धा वाचता येतं. एकशेवीस, ऐंशी.

"सिस्टर, मोजलं कुठं?"

"मावशी, पट्टा बसत न्हाई ना तुमाला. अंदाजे टाकलंय. सरका पुढं, गर्दी हाय."

नवरा कानाशी म्हणाला, "चल गं. तमाशा नको."

तोंडावर ते जुनं हसू यायला लागलं होतं. मी ते गिळलं. स्टुलावरून उठले नाही.

"खोडा ते. मोजल्याशिवाय लिहायचं न्हाई."

आतून डॉक्टर आले. काय गोंधळ आहे, म्हणाले. बाई, आधी वजन कमी करा, म्हणाले.

"करते ना सायेब. पर आदी मोजा. वजन कमी करायला मी जिती तर राह्यला पायजे."

रांगेतलं कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. तिने भिंतीतलं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून मोठा पट्टा काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोडलेलासुद्धा नव्हता. तो माझ्या दंडाला बसला. दोनशे, एकशेवीस. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला लगेच आत आडवं केलं. असंच घरी नेलं असतं तर डोक्यातली शीर फुटली असती, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

कपाटात होता. ते कपाट माझ्या स्टुलापासून पाच पावलांवर आहे. किती वर्षं मी त्या स्टुलावर बसले आणि अंदाजाचे आकडे घेऊन घरी आले. मला लाज वाटायची म्हणून मी मागितला नाही, आणि मागत नाही म्हणून त्यांनी काढला नाही. पण लाज त्यांना वाटायला हवी होती.

परतताना पिकअपमध्ये नवरा म्हणाला, "आदी बोलायचं व्हतं ना."

"तुमी हसला व्हता," मी म्हणाले. त्याने शेजारची काच खाली केली, पुन्हा वर केली. मीही त्याला त्यातून सोडवलं नाही.

आता रोज गोळी घेते. विहिरीचंही डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली, तिथेही जाते. गाव म्हणतं, येडी झाली. म्हणू दे. वजनही उतरवणार आहे, माझ्या गुडघ्यांसाठी. भाऊसाहेबांच्या नजरेत भरण्यासाठी एक ग्रॅमसुद्धा नाही.

आमच्या वस्तीवर माझ्यासारख्या आणखी दोघी आहेत. दोघींनी दवाखान्याची पायरी चढणं सोडलंय. का सोडलंय ते मला विचारायची गरज नाही. सोमवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे. आधी त्यांचं मोजायचं, नीट, मापाच्या पट्ट्याने, मग माझं. गर्दी आहे म्हणाले तर मी तिथेच दारात बूड टेकून बसेन. मला हलवायचं असेल तर त्यांनी हलवून दाखवावं.