डावीकडून न दिसणारा हात

इतकी वर्षं लोटली, पण लालबागची ती केस विसरू म्हटलं तरी विसरत नाही. तेव्हा मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. भिंतीभिंतीवर घोषणा, चाळीचाळीत सभा, आणि लाठ्या खाऊन कातावलेली माणसं. खाकी दिसली की लोक तोंड फिरवायचे. मी मराठी असून काय उपयोग, अंगावर खाकीच होती ना!

एका दुपारी नाक्यावर अपघात झाल्याची खबर आली. एका मालवणी खानावळीचे जेवणाचे डबे सायकलवरून गिरणीच्या दारात पोचवणारा माणूस एका शेठची मोटार डावीकडे वळताना तिच्याखाली आला होता. जखमी बेशुद्ध, त्याला परळच्या इस्पितळात हलवलेलं. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर भात-आमटी सांडलेली आणि मोटारीभोवती दोनशे-तीनशे माणूस. मोटारीत ड्रायव्हर एकटाच होता. वाहतूक शिपायाने त्याला कसंबसं आपल्या पाठीमागे घेतलं होतं, नाहीतर तिथेच त्याचा निकाल लागला असता. ड्रायव्हर आणि मोटार, दोन्ही आम्ही ठाण्याच्या आवारात आणली. जमाव मागोमाग आलाच.

साधा अपघात असता तर लोक एवढे पेटले नसते. पण हा डबेवाला मोर्च्यात पुढे असायचा. झालं! ‘शेठने चळवळीतला माणूस चिरडला’ अशी आवई अर्ध्या तासात काळाचौकीपर्यंत गेली. बाहेरून आरोळ्या येत होत्या, "बाहेर काढा त्याला!" जमावाच्या पुढे होता जखमीचा थोरला भाऊ. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा, आडव्या हाडाचा माणूस. त्याने खिडकीचे गज धरून मला विचारलं, "सायब, तुमी शेटचे की आमचे, ता एकदा सांगा."

मी म्हटलं, "मी कायद्याचा." तो थुंकला. खरं सांगतो, मला राग आला नाही.

एवढ्यात नाक्यावरचा पानवाला मागच्या दाराने आला. म्हणाला, "साहेब, हा ड्रायव्हर सकाळी माझ्या दुकानावर त्या डबेवाल्याचीच चौकशी करत होता. केव्हा निघतो, कुठल्या रस्त्याने जातो, सगळं विचारलं."

आमचे हवालदार माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, मग हा अपघात नव्हे. खुनाचा प्रयत्न लावा." मलाही तसंच वाटलं. शिवाय पानवाल्याने ही गोष्ट येताना आणखी चौघांना सांगितली होती, म्हणजे ती बाहेर पोचलीच होती.

ड्रायव्हरला समोर बसवलं. तिशीचा, काटकुळा, शर्टाची बटणं तुटलेली. पाचावर धारण बसली होती बिचाऱ्याची.

"डबेवाल्याला ओळखतोस?"

"नाही साहेब."

"सकाळी त्याची चौकशी केलीस?"

"नाही साहेब. देवाशप्पथ नाही."

पानवाल्याला पुढे उभा केला तरी त्याचं ‘नाही’ ते ‘नाही’च. हवालदारांनी आवाज चढवला, मी टेबलावर मूठ आपटली, त्याने अंग आणखीच चोरून घेतलं. कर नाही त्याला डर कशाला, असं आम्ही पोलीस उठसूट म्हणतो. त्या घटकेला मला ते शंभर टक्के पटलं होतं. बाहेर पहिला दगड कौलांवर पडला.

मी हवालदारांना आणि पानवाल्याला बाहेर पाठवलं, ड्रायव्हरजवळ बसलो, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

त्याने गाव सांगितलं आणि एकदम रडायलाच लागला. "साहेब, शेठला कळवू नका. नोकरी जाईल."

"काय कळवू नको?"

"आमच्या शेठच्या घरात कांदासुद्धा चालत नाही. गॅरेजमध्ये झोपायला जागा दिली, तेव्हा मासळीला शिवणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. किती दिवस झाले, बांगड्याचं तिखलं तोंडात गेलं नाही. इथली खानावळ आमच्याकडच्या बाईची आहे असं कळलं. डबेवाल्याला गाठून एक डबा लावायचा होता, गुपचूप."

मी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, फासावर चढायची वेळ आली आणि तुला बांगडा लपवायचा आहे?"

पानवाल्याला परत बोलावलं. "आणखी काय विचारलं होतं याने?" तो डोकं खाजवत म्हणाला, "हां, कालवण झणझणीत असतं का, तेही विचारलं. पण ते सांगण्यासारखं काय त्यात?" मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. साक्षीदार बहुधा खोटं बोलत नाही. त्याला जे बिनमहत्त्वाचं वाटतं ते तो गाळतो, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

हेतूचा प्रश्न सुटला, पण बाहेर ऐकणार कोण? डाव्या फूटपाथवरचे सगळे साक्षीदार छातीठोक सांगत होते, "मोटारीने वळताना हात दाखवलाच नाही." ड्रायव्हर म्हणत होता, दाखवला. चौकात समोर उभा असलेला वाहतूक शिपाईही म्हणत होता, दाखवला; पण पोलिसाच्या शब्दाला त्या दिवशी कोण विचारतो!

मी थोरल्या भावाला एकट्याला आवारात घेतलं. दोन पंच बसवले. मोटार भिंतीच्या कडेने, भिंत डावीकडे येईल अशी उभी केली, ड्रायव्हरला आत बसवलं, आणि मोटार नि भिंत यांच्यामध्ये भावाला सायकलवर बसायला सांगितलं. डब्यांच्या ओझ्याची सायकल थांबली की लवंडते. उतरून पुन्हा चढणं जिकिरीचं, म्हणून डबेवाले, पाववाले, सगळेच थांबलेल्या गाड्यांच्या डावीकडून पुढे घुसतात आणि फूटपाथच्या कडेला पाय टेकून उभे राहतात. त्याच्या भावानेही तेच केलं होतं. भिंतीखालच्या दगडी पायरीवर यानेही पाय टेकला.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "डावीकडे वळायचं आहे. दे खूण."

त्या वेळी मोटारींना दिव्यांची खूण क्वचितच असे. डावीकडे वळायचं तरी ड्रायव्हर उजव्या खिडकीतून हात बाहेर काढून गोल फिरवायचा.

भाऊ वैतागून ओरडला, "अरे, दाखव की हात!"

आतून ड्रायव्हर म्हणाला, "केव्हाचा दाखवतोय, दादा."

भाऊ सायकलवरून उतरला. मोटारीला वळसा घालून पलीकडे गेला. हात फिरतच होता. मग मी त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि सायकलवर हवालदारांना बसवलं, मागच्या दाराच्या जरा पुढे. "हवालदार दिसतात?" त्याने मान न वळवता समोर पाहिलं, आरशात पाहिलं. "टोपी पण दिसत नाय, सायब," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता.

पंचांच्या सह्या चालू असतानाच इस्पितळातून फोन आला. डबेवाला गेला होता.

बाहेरच्या जमावाला हे कळलं असतं तर लाठ्यांनी आवरलं नसतं. वरिष्ठ बंदुका मागवा म्हणाले असते. मी भावाला जवळ बसवून सांगितलं. तो उठला आणि मला न विचारता फाटकाकडे चालू लागला. मी अडवलं नाही. मनात मात्र आलं, हा आता काय बोलेल!

त्याने फाटकाच्या लोखंडी पट्टीवर चढून दोन्ही हात वर केले.

"माझो भाव गेलो!" तो ओरडला. गर्दी एका क्षणात थिजली. "गेलो तो. पण ह्या माणसान तेका मुद्दाम मारूक नाय. ह्येणा हात दाखवल्यान, पण डाव्या बाजूक तो दिसताच खंय? मी स्वता बसान बघितलंय. कोणी दगड उचलूक नको. घराक जावा."

कोणीतरी ‘शेठचा विकत घेतलेला’ असं पुटपुटलं. तो फाटकावरून उतरून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि तो माणूस मागे सरकला. हळूहळू गर्दी पांगली. एकही लाठी उचलावी लागली नाही.

खुनाचं कलम लागलं नाही. वळण्याआधी डावीकडे मान वळवून बघितलं नाही, म्हणून निष्काळजीपणाचा खटला मात्र मी ड्रायव्हरवर भरला. तो सुटायला नको होताच. हात दाखवला की जबाबदारी संपली, असं मोटारवाल्यांना आजही वाटतं.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, माणूस खोटं बोलतो आहे एवढं कळलं म्हणजे गुन्हा कळला असं नव्हे. कारण गरीब माणूस फासापेक्षा नोकरी जाण्याला जास्त भितो. आणि दुसरी सायकलवाल्यांसाठी. नाक्यावर मोटार थांबली असेल तर तिच्या डाव्या कुशीत शिरू नका. मागे थांबा, ओझं असेल तर खाली उतरा, तिची पुढची चाकं कुठे वळतात ते बघा आणि मगच निघा. आता दिवे लुकलुकतात, पण चालकाला तुम्ही दिसत नसाल तर दिव्याचा काय उपयोग?

त्या डबेवाल्याचं सुतक फिटल्यावर मी सहज त्या नाक्यावर गेलो होतो. गिरणीच्या पाळ्या बदलायची वेळ. वाहतूक थांबली, आणि सवयीप्रमाणे एक पाववाला मोटार नि फूटपाथ यांच्यामध्ये घुसू लागला. फूटपाथवरून कुणीतरी धावत आलं आणि त्याचं मागचं चाक धरून सायकल खस्सकन मागे ओढली.

"मागे रव रे मेल्या! मागे रव!"

तो थोरला भाऊ होता. केस नुकते काढलेले, डोक्यावर टोपी. पाववाला शिव्या घालत होता, हा ऐकून घेत होता, पण चाक काही सोडत नव्हता. मोटार वळून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्याने हात काढला आणि म्हणाला, "जा आता."