सभागृहाची फरशी कोणी धुवायची?

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी डाव्या हातानं लिहून राह्यलो. अक्षर वाकडं येईल. उजव्या हातावर दुपारी काठी बसली.

आज ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहाचे नियम ठरवायले सरपंचांनी तिथंच सभा बोलावली होती. त्याच सभागृहाच्या विटा आपल्या बौद्धपुऱ्यानं श्रमदानात डोक्यावर वाहिल्या. तरी सरपंच म्हणाले, "तुमच्या पुऱ्यानं कार्यक्रम केला, तं सारी फरशी धुऊन द्या लागन."

मी उठून म्हटलं, "कबूल! पण जो वापरन तो धुईन, असं लिहा. साऱ्यायले एकच नियम."

दोन मेंबरांनी मान डोलावली. सचिवांनी तसंच लिहिलं. सरपंचांनी नेहमीसारखी न वाचताच सही ठोकली.

सचिवांनी नियम मोठ्यानं वाचला, अन् सरपंचांचा पुतण्या उसळला. "आमी फरशी धुवाची? काहून बे?" त्याची पहिली काठी माझ्या हातावर पडली. दुसरी, मधे आलेल्या माझ्या मोठ्या भावाच्या डोक्यात. दादा तिथंच कोसळला. मग बाकं उडाली, खिडक्या फुटल्या, बायामाणसं तुडवली गेली.

दादा दवाखान्यात आहे. अजून डोळे उघडले नाहीत.

सभागृहाले कुलूप लागलं. आत फरशीवर दादाचं रक्त वाळून राह्यलं. नियमाखाली सरपंचांची सही आहे, अन् आजची सभा त्यांचीच होती.

सांगा मंडळी, उद्या बादली घेऊन कोण येते?